कबरीवर ठेवलेली हातमशीन

मी एक जुनी हातमशीन आहे, आणि मित्रांनो, पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, मी मेलेली नाही. मी कधीच मेले नव्हते. तरीसुद्धा जवळजवळ वर्षभर मला एका कबरीवर ठेवलं होतं, रोज ताज्या फुलांचा हार घालून. येणारे-जाणारे माझ्यासमोर टोपी काढायचे. इतका अपमान माझ्या साठ-पासष्ट वर्षांच्या आयुष्यात कुणी केला नव्हता.

तुम्ही म्हणाल, हार घालण्यात कसला आलाय अपमान? ऐका तर मग, आणि मध्ये बोलू नका. आधीच माझं डोकं तापलेलं आहे.

माझा जन्म स्कॉटलंडमधल्या एका कारखान्यात झाला. बिडाचं काळं अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, उजवीकडे एक चाक आणि चाकाला लाकडी मूठ. एका हाताने मूठ फिरवायची आणि दुसऱ्या हाताने कापड सांभाळायचं, एवढंच माझं काम. वीज नको, पायाने दाबायची फळी नको. टाका एकच, सरळ. कारखान्यातल्या तपासनीसाने माझ्यावर एक पट्टी शिवली, टाके भिंगाखाली धरले आणि एक शब्द न बोलता मला लाकडी पेटीत बसवलं. तिथे न बोलणं हीच शाबासकी असायची. पेटीच्या डोक्यावर पितळेची कडी होती. ती धरून उचललं की मी कुठेही जायला तयार.

बोटीने, साबणाच्या खोक्यांच्या आणि डबाबंद मांसाच्या मधोमध बसून, मी प्रशांत महासागरातल्या मंगाया बेटावर आले. ओनेरोआ गावातल्या दुकानात माझ्या एका बाजूला कंदील आणि दुसऱ्या बाजूला दोन भल्यामोठ्या पायमशिनी होत्या. त्या मला खालच्या नजरेने पाहायच्या.

एक गोष्ट आत्ताच सांगते. इथे वयाने मोठ्या बाईला 'मामा' म्हणतात आणि मोठ्या पुरुषाला 'पापा'. तेव्हा पुढे एखादी मामा कात्री घेऊन आली, तर दचकू नका.

पण अकाइती दुकानात आली तेव्हा ती मामा झालेली नव्हती. वीस-बावीस वर्षांची होती, केसांत पांढरं फूल, खांद्याला माडाच्या पानांची पिशवी. दुकानदाराने तिला सरळ पायमशिनीसमोर नेऊन उभं केलं.

"ही घे अकाइती. घरात शोभेल."

"शोभेला नवरा आहे घरात," अकाइती म्हणाली. "मला शिवायला पाहिजे. आणि दर मंगळवारी उचलून सभागृहात न्यायला पाहिजे. ही काय तू पाठीवर टाकून आणणार आहेस?"

मग तिने मला कडीला धरून उचललं, दुकानाच्या दारापर्यंत चालत गेली आणि परत आली. पिशवीतून नवऱ्याच्या जुन्या खाकी चड्डीचा तुकडा काढला, त्याची चार पदरी घडी घातली आणि माझ्या सुईखाली सरकवली.

"आधी हे शिवून दाखव, मग किंमत सांग."

मी शिवलं. चारही पदर, एक टाका न चुकवता. अकाइतीने घडी उलटी करून मागची बाजू पाहिली आणि मगच किंमत विचारली. मित्रांनो, मशीन अशी घेतात. मंगायाच्या कड्यांवर पाऊस झाला की इवल्या पिवळ्या गोगलगायी बाहेर येतात. त्यांच्या शंखांना एकेक भोक पाडून तिने दोन वर्षं माळा ओवून विकल्या होत्या, तेवढ्यासाठी. असा घाम गाळून आणलेल्या वस्तूची माणूस कदर करतो. निदान अकाइती करायची.

आमचं काम म्हणजे तिवाएवाए. तुमच्या गोधडीची ती लांबची बहीण, पण तिच्या आत भर नसते, कारण इथे थंडी कुठून येणार? ती पांघरायची नसतेच. ती द्यायची असते. लग्नात द्यायची, परत निघालेल्या पाहुण्याला द्यायची आणि शेवटी मेलेल्या माणसाला तिच्यात गुंडाळायचं. एकेका तिवाएवाएत नखाएवढाले हजारो तुकडे असतात. काही बायका ते सुईदोऱ्यानेच जोडतात आणि मशिनीचं नाव काढलं की नाक मुरडतात. मुरडोत बापड्या. अकाइती तुकड्यांच्या पट्ट्या माझ्यावर जोडायची आणि भरतकाम हाताने करायची.

दर मंगळवारी ती मला सायकलच्या मागे बांधून चर्चशेजारच्या सभागृहात न्यायची. तिथे बायकांचं मंडळ जमायचं. मामा उपोको ही बेतणारी. कापडाची घडी घालायची, डोळे मिटून क्षणभर बसायची आणि खडूची एक रेघ न ओढता कात्री चालवायची. तिची जीभही तशीच चालायची. चहा, तळलेले गोड गोळे, गावभरच्या चौकशा, आणि मध्ये माझी खटखट. माझ्यासाठी घरात तेलाची वेगळी बाटली होती. "खोबरेल केसांना, मशिनीला मशिनीचं तेल," असं अकाइती प्रत्येकाला बजावायची. एका प्रदर्शनात आमच्या तिवाएवाएला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा कागद तिला मिळाला आणि मला दोन थेंब तेल. मला त्यात काही कमी वाटलं नाही.

अशी पन्नासच्या वर वर्षं गेली. मग एका सकाळी अंगणात अळूचे कंद सोलता सोलता मामा अकाइती बसल्या जागी कलंडली आणि उठली नाही.

तिच्या पेटीत तिने स्वतःसाठी राखलेल्या तीन तिवाएवाए होत्या. तिन्हींतही तिला गुंडाळलं आणि घरासमोर, अंगणातच, पुरलं. इथे आपल्या माणसाला दूर नेत नाहीत. वर फरशी बसवली, चार खांब उभे केले आणि पत्र्याचं छप्पर घातलं. मग तिचा मुलगा, पापा तांगी, घरात आला, मला पेटीतून बाहेर काढलं आणि फरशीवर आणून ठेवलं. एका बाजूला तिचा चष्मा, दुसऱ्या बाजूला तिची रविवारची टोपी.

"जन्मभर आई हिच्याजवळ बसली," तो म्हणाला. "आता ही आईजवळ बसेल."

सगळे रडले. तांगी तर हमसून हमसून रडला. वाईट माणूस नाही तो, हे मी शपथेवर सांगेन. पण राग वाईट माणसांचाच येतो असं कुठे आहे? चष्म्याचं मी समजू शकते. त्या चष्म्यातून आता दुसऱ्या कुणाला दिसणार नव्हतं. टोपीचंही एक वेळ ठीक. पण माझ्या अंगात अजून निदान चाळीस वर्षांचं काम होतं. मला कुणी विचारलं का?

आणि खरा घात पुढेच आहे. दर रविवारी चर्चमधून आल्यावर तांगी एक बाटली घेऊन यायचा आणि मला मायेने तेल चोळायचा. पांढऱ्या फुलांचं, सुगंधी खोबरेल तेल. चाकाला, सुईच्या दांड्याला, तेल घालायच्या एकेका भोकात. मित्रांनो, खोबरेल सुकलं की त्याचा डिंक होतो. त्यावर समुद्राचं खारं वारं. तीन महिन्यांत माझी मूठ जागच्या जागी आवळली. शेजारपाजारचे म्हणायचे, "आईची मशीन बघा कशी जपलीय तांगीने. किती छान वास येतो."

आता नूरोआविषयी. ती अकाइतीची नात, अकाइतीनेच वाढवलेली. पुढे ऑकलंडला जाऊन एका कचेरीत कामाला लागली. मयताला आली आणि परत गेलीच नाही. वर्षानंतर कबरीवर नावाचा दगड बसवतात. तो दगड आधी तिवाएवाएने झाकायचा, प्रार्थना म्हणायची आणि मग ती उचलून सगळ्यांना दगड दाखवायचा, ही इथली रीत. पण अकाइतीच्या तिन्ही तिवाएवाए तिच्याबरोबर जमिनीत गेल्या होत्या. बाकीच्या तिने आयुष्यभर वाटून टाकल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, त्या दिवसापुरती मागून आणू एखादी.

मयताच्या जेवणाला सगळं गाव बसलं होतं. नूरोआ उठून उभी राहिली.

"मागून आणायची? या गावात एकही मयत माझ्या मामाने उघडं जाऊ दिलं नाही, आणि तिचा दगड उसन्या कापडाने झाकायचा? मी शिवीन."

"तू?" मामा उपोको म्हणाली. "अगं, काल तू झग्याचं बटण स्टेपलरने लावलंयस. मी बघितलं."

सगळे हसले. नूरोआचा चेहरा लाल झाला, पण ती खाली बसली नाही. "शिवीन म्हटलं ना," ती म्हणाली. गावासमोर दिलेला शब्द इथे परत घेता येत नाही.

उपोकोने तिला तुकडे बेतून दिले, रंगांची जुळणी करून दिली. हाताने शिवण्यात नूरोआने सहा महिने घालवले आणि रुमालाएवढं जोडलं. मग ती मशिनीच्या मागे लागली. व्हरांड्याच्या पायरीवर बसून फोनमध्ये मशिनी बघायची. मी तिच्यापासून दहा पावलांवर होते. मोठ्याने वाचायची ती. "अगदी हलकी. कुठेही न्या. स्वस्त. गोधडीकामाला उत्तम. साठ प्रकारचे टाके."

साठ. तुकडे जोडायला एक टाका लागतो. उरलेले एकोणसाठ कुणाच्या घरी जाणार होते? मशीन उचलायला सोपी असावी हे मलाही मान्य आहे, मीच तशी आहे. पण टेबलावर ठेवल्यावर ती जागची हलू नये एवढं वजन तिला हवं की नको? सुईखाली चार पदर जातील का, हे त्या जाहिरातीत एका ओळीनेही लिहिलं नव्हतं. आणि मी इथे, पत्र्याखाली, गळ्यात हार घालून ओरडत होते. माझं ओरडणं कुणाला ऐकू जाणार?

विमानाने खोकं आलं. पांढरी, प्लास्टिकची, अंगावर गुलाबी फुलं. त्या पोरीवर माझा राग नाही. तिलाही कुणीतरी तसंच बनवलं, तिने काय करावं? राग आहे तो खोक्यावर 'गोधडीकामाला उत्तम' असं छापणाऱ्यांवर. टेबलावर ती थरथरत पुढे सरकायची. एका हाताने नूरोआ तिला धरायची आणि एका हाताने कापड. एक तुकडा जोडून झाला, दुसरा झाला. चार तुकड्यांचे कोपरे एकत्र आले आणि शिवणीचे आठ पदर झाले, तशी सुई वाकली. सुई बदलली, ती मोडली. सभागृहात नेली तर तिथला खटका उडाला आणि वीज गेली. तिसऱ्या मंगळवारी आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि साठच्या साठ टाके एकदम संपले.

"ऑकलंडची राणी, काय झालं गं?" उपोकोने विचारलं.

"माझ्या हातातच नाहीये ते, मामा," नूरोआ म्हणाली. "माझ्या हाताला येतच नाही."

मित्रांनो, हे वाक्य मला त्या संध्याकाळी नूरोआच्या तोंडून ऐकायला मिळालं. ती माझ्याजवळ येऊन फरशीवर बसली आणि तेच पुन्हा अकाइतीला सांगू लागली. नवशिक्याच्या हातात वाईट हत्यार द्यायचं आणि मग त्या बिचाऱ्याने स्वतःला कपाळकरंटं समजायचं. याचा मला जेवढा संताप येतो, तेवढा कबरीवर ठेवल्याचाही आला नाही. त्या मुलीचे हात चांगले होते. मी रोज बघत होते ना. तिचे टाके वाकडे होते, पण प्रत्येक वाकडा टाका ती उसवायची. जिला उसवायची लाज नाही तिला शिवण येतंच.

"मामा, मी सगळ्यांसमोर बोलून बसले गं," ती म्हणत होती. "दीड महिना राहिला." बोलता बोलता तिचा हात माझ्या मुठीवर गेला. लहानपणी ती अकाइतीच्या मांडीवर बसून हीच मूठ फिरवायची. तिने मूठ फिरवली. ती हलली नाही. तिने जोर लावला, मग बोटं नाकाशी नेली.

"पापा!" तिने अशी हाक मारली की माडावरची पाखरं उडाली.

तांगी घरातून धावत आला. त्याच्या हातात चंदेरी रंगाचा डबा होता, कारण त्याने आदल्याच दिवशी माझं चाक चंदेरी रंगवायला घेतलं होतं. हो, तेही झालं होतं. अर्धं चाक रंगवून झालं होतं.

"मशिनीला खोबरेल लावलंत तुम्ही?"

"साधं नाही गं," तांगी म्हणाला. "सुगंधी."

"मामा असती तर कान धरून अंगणभर फिरवलं असतं तुम्हाला. आणि हा रंग कशाला?"

"दगड बसवायचा ना आता. आदल्या दिवशी हिला सिमेंटमध्ये पक्की बसवणार आहे मी. अर्ध्यापर्यंत. वर चंदेरी दिसेल. वादळ आलं तरी हलायची नाही."

सिमेंटमध्ये. हे मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

"मला द्या ती," नूरोआ म्हणाली. "तिवाएवाए होईपर्यंत."

तांगीचा चेहरा बदलला. "ते नाही व्हायचं, बाळा. कबरीवरची वस्तू उचलायची नाही. मेलेल्याला दिलेलं परत घेत नाहीत. तू कितीही परदेशात राहिलीस तरी एवढं तुला ठाऊक आहे."

नूरोआला ठाऊक होतं. म्हणून तर ती दहा महिने माझ्या शेजारून जात होती आणि मला हात लावत नव्हती. तिने मुठीवरचा हात काढून घेतला. मला वाटलं, संपलं.

एवढ्यात कुंपणापलीकडून मामा उपोकोचा आवाज आला. ती किती वेळ ऐकत उभी होती देव जाणे. "मग मशीन उचलू नको ना," ती म्हणाली. "तू ऊठ, सतरंजी आण आणि इथे बस. कबरीवर बसायला कुठे बंदी आहे? मी माझ्या नवऱ्याच्या कबरीवर रोज दुपारी झोपते."

तांगीने रंगाच्या डब्याला झाकण लावलं आणि तो घरात गेला.

दोन दिवस नूरोआ मला रॉकेलने धूत होती. कोंबडीचं पीस घेऊन एकेक भोक साफ केलं. चिकट, पिवळा, फुलांच्या वासाचा डिंक निघाला नुसता. उपोको शेजारी बसून तोंडाने मदत करत होती. "अजून आत. तिथे नाही, खाली. खाली म्हणजे खाली, तुमच्या ऑकलंडात खालीला काय म्हणतात?" अकाइतीची तेलाची बाटली कपाटामागे सापडली, अर्धी भरलेली. पहिला थेंब आत गेला तेव्हा मला काय वाटलं ते मी सांगणार नाही. ते माझं खाजगी आहे.

मग उपोकोने दोरीवर वाळत घातलेली तांगीची कामाची चड्डी ओढली, कात्रीने तिचा पाय कापला आणि चार पदरी घडी घातली.

"ती माझी चड्डी आहे," तांगी म्हणाला.

"तुझ्या आईने ही मशीन तुझ्या बापाच्या चड्डीवर पारखली होती. तुमच्या घरात तीच पद्धत आहे. चालव गं."

नूरोआने मूठ फिरवली. मी शिवलं. चारही पदर. साडेदहा महिन्यांच्या वाऱ्यापावसानंतर, अर्ध्या चंदेरी चाकाने.

तेव्हापासून रोज कबरीवर बैठक. नूरोआ फरशीवर मांडी घालून बसायची, समोर मी, मागे अकाइतीची टोपी. सुरुवातीला टीप सापासारखी वळायची. पण माझं एक बरं आहे, मी माणसाच्या हाताएवढीच धावते. कोपरा आला की ती मूठ थांबवायची, सुई कापडात रोवलेली, सावकाश कापड फिरवायची आणि पुढे जायची. विजेची मशीन नवशिक्याला ओढत नेते. मी त्याची वाट बघते. आठ पदर आले की नूरोआ श्वास रोखायची आणि मी आरामात पलीकडे जायचे. पंधरा दिवसांत तिने श्वास रोखणं सोडलं.

मंडळाच्या बायका आधी कुंपणाबाहेरून बघत होत्या. मग एकेक आत आली. मंगळवारची बैठकच अकाइतीच्या छपराखाली भरू लागली. पाद्रीबुवा एकदा सायकलवरून उतरले आणि बराच वेळ बघत राहिले.

"अकाइतीची परवानगी आहे का?" त्यांनी विचारलं.

"अजून तरी ती नाही म्हणालेली नाही," उपोको म्हणाली, आणि त्यांना चहा दिला.

तांगी मात्र फुगून बसला होता. आईच्या कबरीचं शिवणघर केलं, असं तो भेटेल त्याला सांगायचा. सिमेंटचा बेत त्याने सोडला नव्हता. बोटीने दगड आला, सिमेंटची पोती आली. शनिवारी दगड उघडायचा ठरला. म्हणजे शुक्रवारी मी गाडली जाणार होते.

शुक्रवारी दुपारपर्यंत नूरोआच्या तिवाएवाएच्या चार काठांपैकी तीन झाले होते. चौथा राहिला होता. आणि तांगी बादली घेऊन आला. सिमेंट त्याने कालवूनच आणलं होतं.

"झालं का?"

"एक काठ राहिला, पापा."

"सिमेंट थांबत नाही, बाळा."

"मग ढवळत बस," उपोको म्हणाली.

तो बादलीजवळ उकिडवा बसला आणि थापीने ढवळू लागला. ऊन कडक होतं. पण तिवाएवाए आता चांगली मोठी आणि जड झाली होती, फरशीवरून खाली लोंबत होती, आणि तिच्या वजनाने कापड सुईपासून ओढलं जात होतं. टीप वाकडी जाऊ लागली. नूरोआने उसवलं. पुन्हा वाकडी गेली. वर्षभराची मेहनत शेवटच्या काठावर अडली होती.

"पापा, जरा धरा ना हो," ती म्हणाली. "कापड ओढतंय."

तांगीने बादलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याने हात पुसले, कबरीवर चढून बसला आणि सगळी तिवाएवाए मांडीवर घेतली. नूरोआने मूठ फिरवली. आता टीप सरळ चालली. तो तिच्या गतीने हळूहळू कापड सोडत होता, जसं त्याला कुणी कधीतरी शिकवलं असावं. फक्त माझी खटखट.

मग तांगी म्हणाला, "मी या आवाजावर झोपायचो."

नूरोआ थांबली.

"थांबू नकोस," तो म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि हात कापडात अडकल्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हतं. "चालव. मला वाटलं होतं हा आवाजही गेला तिच्याबरोबर."

वर्षभर तू मला खोबरेल चोळत होतास, मूर्खा, असं मला म्हणायचं होतं. आवाज इथेच होता. तू त्याच्या तोंडात डिंक ओतत होतास. पण मी शिवत राहिले. तेच बरं होतं.

काठ संपला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. नूरोआने दोरा तोडला. उपोकोने मागची बाजू उलटून पाहिली, बोट फिरवलं आणि काही बोलली नाही. अगदी माझ्या कारखान्यातल्या तपासनीसासारखी. नूरोआला ते कळलं, कारण ती रडायला लागली.

तांगी उठला आणि बादलीकडे गेला. सिमेंट दगड झालं होतं. थापी त्यात उभी रुतून बसली होती. त्याने ती ओढली, हलवली, बादलीला पाय लावून खेचली. निघेना. उपोको इतकी हसली की तिला खांबाला धरावं लागलं. तांगीही हसला शेवटी. मग तो माझ्यासमोर उभा राहिला. उद्या दगडावर आणि फरशीवर तिवाएवाए पसरायची होती आणि मी तिच्या मधोमध बसले होते.

त्याने फरशीवर हात ठेवला. "आई, घेतो गं हिला," तो म्हणाला. मग दोन्ही हातांनी मला उचललं आणि घरात नेऊन माझ्या पेटीत बसवलं.

शनिवारी सगळं गाव जमलं. निळ्या आणि पिवळ्या तुकड्यांच्या तिवाएवाएने अकाइतीचा दगड झाकला होता. बायका काठाला हात लावून बघत होत्या. नाक मुरडणाऱ्यांनीही हात लावला. उसनी नव्हती ती. प्रार्थनेनंतर नूरोआ आणि तांगी यांनी तिची दोन टोकं धरून ती उचलली. नंतर अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली, डुक्कर भाजलेलं, आणि उपोको सगळ्यांना त्या चड्डीची गोष्ट सांगत होती.

आता मी दर मंगळवारी सभागृहात जाते. नूरोआच्या सायकलवर, मागे बांधून. माझं अर्धं चाक अजून चंदेरी आहे. नूरोआ म्हणते खरवडून काढू. मी म्हणते राहू दे, लोकांना कळू दे काय काय सोसलंय ते.

तर मित्रांनो, शिवण शिकायचं असेल आणि मशीन घ्यायची असेल, तर आधी घरात बघा. माळ्यावर, पलंगाखाली, कुणाची आठवण म्हणून कापडाखाली झाकून ठेवलेली माझ्यासारखी एखादी असेल. तिला उचलून दारापर्यंत चाला. मग चार पदर घालून बघा. शिवले तर ती तुमची. घरात नसेलच तर दुकानात जा, पण कापडाचा तुकडा बरोबर न्या आणि टाक्यांची संख्या वाचत बसू नका. आणि तुमच्या माणसाची वस्तू तुम्हाला जपायची असेल, तर कृपा करून तिला काम द्या. मशिनीचं तेल द्या. खोबरेल लावाल तर मी तिथे येऊन तुमचे कान धरीन.

आणि हार घालायचीच हौस असेल, तर मंगायाला या. ओनेरोआ गावात, अकाइतीच्या कबरीवर, चष्म्याच्या आणि टोपीच्या मधोमध बादलीच्या आकाराचा सिमेंटचा एक गोळा आहे. वर थापी उभी आहे. तांगीने तो चंदेरी रंगवलाय आणि दर रविवारी त्याला सुगंधी खोबरेल चोळतो. हार त्याला घाला. त्याला चालतो.